ॲलन ब्लमलाइन यांचें चरित्र

जगाचा कोलाहल चोहोंकडून कानीं आदळत असतां त्यांतून हवा तेवढाच शब्द निवडून घेणें मनुष्यासहि कठीण. मग निर्जीव यंत्रास तें कसें साधावें? ज्यांनीं तें साधून दिलें त्या ॲलन ब्लमलाइन यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मनन करण्याजोगें आहे.

त्यांचा जन्म ता. २९ जून १९०३ रोजीं लंडन येथें झाला. वडील मूळचे जर्मनीचे. आईचे वडील दक्षिण आफ्रिकेंत लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. बारा वर्षांचे होईतों ॲलन यांस नीट वाचतां येत नसे, असें सांगतात. परंतु गणितांत त्यांची बुद्धि तीव्र होती. पुढें ते सिटी अँड गिल्ड्स कॉलेजांतून पहिल्या वर्गांत पदवीधर झाले. १९३१ सालीं त्यांनीं दोन मार्गांनीं ध्वनि मुद्रित करण्याच्या युक्तीचें पेटंट मागितलें. त्यांच्या नांवावर एकंदर १२८ पेटंटें आहेत.

१९३६ सालचें एक पेटंट दिसण्यांत साधें आहे. टेलिव्हिजनचे संदेश तारांच्या जोडीनें दूर नेतांना वाटेंत परक्या विजेचा उपद्रव होई. ब्लमलाइन यांनीं दोन व्हॉल्व्ह घेऊन त्यांचे कॅथोड एकत्र जोडले व दोहोंस मिळून एकच मोठा रोध लाविला. उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच येतो. त्यामुळें दोन्ही व्हॉल्व्हचे प्रवाह एकदम वाढूं पाहतात, आणि तो सामाईक रोध त्यांस आवरून धरतो. खरा संदेश मात्र एका तारेंत चढला कीं दुसरींत उतरतो. एकूण प्रवाह बदलत नाहीं, म्हणून रोध आड येत नाहीं, व संदेश मोठा होऊन बाहेर पडतो. शिवाय संदेश एकाच व्हॉल्व्हला दिला तरी दोहोंतून जवळजवळ समान पण परस्परविरुद्ध असे दोन संदेश निघतात. त्या सामाईक रोधावरून या रचनेस पुढें ‘लांब शेपटीची जोडी’ असें गमतीचें नांव पडलें. हृदयाचे ठोके टिपणाऱ्या यंत्रांत आजहि हेंच तत्त्व वसत आहे.

महायुद्धांत ते विमानांतील रडारच्या कामीं लागले. ता. ७ जून १९४२ रोजीं त्या यंत्राची परीक्षा चालू असतां हॅलिफॅक्स जातीच्या विमानाच्या एंजिनास आग लागली, आणि वेल्श बिक्नर गांवाजवळ तें कोसळलें. आंतील अकराहि जण मरण पावले. ब्लमलाइन यांस एकोणचाळिसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. युद्धकाळच्या गुप्ततेमुळें ही वार्ता तेव्हां प्रसिद्धहि झाली नाहीं. एंजिनाच्या झडपेवरील एक नट नीट आवळला गेला नव्हता, हें चौकशीअंतीं आगीचें कारण ठरलें.

ब्लमलाइन यांची प्रतिभा आपणांपैकीं फारच थोड्यांस लाभेल; परंतु नट आवळण्याचें काम कोणत्या ना कोणत्या रूपानें प्रत्येकाच्या हातीं येईल. कोणी पाहत नसतांहि तें देवासमोर करीत असल्याप्रमाणें करावें. कारण त्यावर कोणाचें आयुष्य टांगलेलें आहे, हें आपणांस ठाऊक नसतें.