रॉबर्ट जॉन्सनचा गुरू

गिटारवर ब्लूज शिकायला बसले की थोड्याच दिवसांत एक छोटी स्वरावली गिरवावी लागते. वादक तिला ‘लिक’ म्हणतात. बारीक तारेवर षड्ज तसाच ठेवायचा आणि जाड तारेवर कोमल निषादापासून पंचमापर्यंत एकेक पडदा उतरत यायचे. चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे कडवे संपत आले की शेवटच्या दोन खंडांत ही जागा येते. पुढे रॉक वादकांनीही ती उचलली. रॉबर्ट जॉन्सनच्या ध्वनिमुद्रिका लावून कित्येकांनी ती हातात बसवली. त्याच्याबद्दल मात्र बहुतेकांना एकच गोष्ट ठाऊक असते : मध्यरात्री चौरस्त्यावर त्याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात वादन मिळवले. आम्हाला या गोष्टीचा रागच येतो, कारण तिच्यापायी एका शिक्षकाचे श्रेय बुडाले.

जॉन्सन १९११ साली मिसिसिपी राज्यातल्या हेझलहर्स्टला जन्मला. शेतमजुरीत त्याचे मन रमेना. हार्मोनिका बरी वाजवी; गिटारच्या नावाने मात्र बोंब. सन हाउस हा ज्येष्ठ वादक जरा उठला की हा त्याची गिटार उचले आणि श्रोते वैतागत. त्याची पहिली पत्नी कोवळ्या वयात बाळंतपणात गेली. पुढे तो हेझलहर्स्टच्या बाजूला परतला आणि तिथे त्याला आइक झिमरमन भेटला. त्याच्या घरी राहून जॉन्सनने तालीम घेतली. रात्री दोघे जवळच्या दफनभूमीत जाऊन वाजवीत. तिथे झोपमोड व्हायला कोण होते? सैतानाच्या कथेला यानेही खतपाणी मिळाले असावे. खरे तर तशी कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच वादकाबद्दल सांगितली जाई. ‘क्रॉस रोड ब्लूज’ या गाण्यातही सैतान नाही. चौरस्त्यावर गाडी न मिळालेला एक माणूस आहे.

परतलेल्या जॉन्सनचे वादन ऐकून सन हाउस थक्क झाला. अंगठा जाड तारांवर ठेका धरी आणि त्याच वेळी बोटे बारीक तारांवर गाण्याला उत्तर देत. पुढे कीथ रिचर्ड्सला ध्वनिमुद्रिका ऐकताना दोन वादक आहेत असेच वाटले होते.

नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलात आणि जून १९३७ मध्ये डॅलसला मिळून २९ गाणी मुद्रित झाली. १६ ऑगस्ट १९३८ ला ग्रीनवुडजवळ तो वारला, वयाच्या २७ व्या वर्षी. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने वाजवावे अशी जॉन हॅमंडची इच्छा होती. शेवटी रंगमंचावरून त्याच्या तबकड्या वाजवल्या गेल्या. १९६१ साली त्याच्या गाण्यांची एलपी निघाली, आणि १९६८ मध्ये एरिक क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ने ‘क्रॉसरोड्स’ जगभर पोहोचवले.

झिमरमनचे वादन कधीच मुद्रित झाले नाही. त्याची तालीम ऐकायची तर जॉन्सनच्या गाण्यांतच. सुरुवात ‘काइंड हार्टेड वुमन ब्लूज’पासून करावी. सॅन अँटोनियोत जॉन्सनने सर्वांत आधी गायले ते हेच, आणि ती उतरती जागा त्यात स्वच्छ ऐकू येते.