विश्लेषण : डॉ. आंबेडकरांनी शेतीचा प्रश्न विजेशी का जोडला?

घटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना ठाऊक आहेत. देशाचे सिंचन आणि वीज हे विषय चार वर्षे त्यांच्याकडे होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

रत्नागिरीशी नाते काय?

जन्म महूचा (१८९१), पण मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीत राहिले. हा खोतांचा मुलूख. कुळाने राबून भात पिकवायचा आणि त्यातला मोठा वाटा खोताकडे जायचा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर धडकला. विधेयक मात्र मंजूर झाले नाही. खोती संपवणारा कायदा १९४९चा.

मग वीज कुठून आली?

१९१८च्या निबंधात त्यांनी लहान शेतजमिनींचा प्रश्न तपासला होता. दुखणे केवळ तुकड्यांच्या आकाराचे नाही. जमिनीवर माणसे फार आणि अवजारे-भांडवल तोकडे, असे त्यांचे निदान होते. जादा माणसांना उद्योगांत काम मिळाले तरच शेती सुटेल. उद्योग हवेत तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ आणि दामोदर नदीचा पूर, दोन्ही आले. पुराचे पाणी लवकर समुद्राला घालवा, हा तेव्हाचा रुळलेला विचार. आंबेडकरांनी तो उलटवला : पाणी अडवा, त्याच पाण्यावर वीज करा, तेच शेताला द्या. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. नदी अनेक प्रांतांतून वाहते, म्हणून प्रांतांना एकत्र बसवणे हे खरे अवघड काम. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, १९४५ मध्ये जलमार्ग व सिंचन आयोग उभा राहिला. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला, तेव्हा ते खाते त्यांच्याकडे नव्हते. बहुधा त्यामुळेच श्रेयाच्या यादीत त्यांचे नाव मागे पडले.

१९४७च्या निवेदनात ते आणखी पुढे गेले. शेती सामुदायिक असावी. पाणी, अवजारे, खत, बियाणे सरकारने पुरवावे, असा तो आराखडा. तो स्वीकारला गेला नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे रत्नागिरी जिल्ह्यातच, चिपळूणजवळ पोफळीला कोयनेचे वीजगृह झाले. वीज केल्यावर ते पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राकडे जाते.