ज्यूल यांचा नियम आणि गरम होणारा प्लग

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म १८१८ मध्ये इंग्लंडमधील सॅलफर्ड इथे, बिअर बनवणाऱ्या सधन कुटुंबात झाला. प्रकृती नाजूक, त्यामुळे शिक्षण घरीच. पुढे जॉन डाल्टन यांनी त्यांना आणि त्यांच्या भावाला शिकवले. विजेचे वेड इतके, की ही भावंडे एकमेकांना आणि नोकरांनाही झटके देऊन पाहत. कारखान्यातील वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर चालेल का, याचाही ज्यूल यांनी विचार केला. १८४० मध्ये त्यांना नियम सापडला: तारेतला प्रवाह दुप्पट झाला, की उष्णता चौपट होते. तारेचा रोध वाढला, तरी उष्णता वाढते. १८५४ मध्ये कारखाना विकला गेला, प्रयोग मात्र सुरूच राहिले. १८८९ मध्ये ते निवर्तले.

आज परदेशांत घरी बिअर बनवणारे हौशी लोक ती आंबताना थंड राहावी म्हणून डीप फ्रीझरला तापमान नियंत्रक जोडतात. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह खेचतो. वायर बारीक किंवा प्लग सैल असेल, तर तिथेच उष्णता साठून आग लागू शकते. फ्रीझरमध्ये ओलही असते. अर्थिंग नसेल, तर झटका हृदय बंद पाडू शकतो.

आपल्या फ्रिजलाही हेच लागू. एक्स्टेन्शन नको, अर्थिंग असलेले भिंतीतले तीन पिनांचे सॉकेट वापरा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. प्लग गरम लागला, तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.