रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली? साडेपाच हजार सह्या आणि सहा वर्षांची झुंज. नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट

भारतातली रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे मिळाली, असा मेसेज मोबाईलवर अधूनमधून फिरत असतो. मेसेज खोटा नाही, पण अर्धाच आहे. सरकारी कचेऱ्या इंग्रजांच्या रिवाजाप्रमाणे रविवारी आधीपासूनच बंद असायच्या. साहेबाला सुट्टी होती, कारकुनालाही होती. सुट्टी नव्हती ती मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या मजुराला. त्याच्यासाठी लोखंडे लढले. ही लढाई जिंकायला सहा वर्षं लागली.

कन्हेरसरचं घराणं, ठाण्यात जन्म

लोखंडे घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. माळी समाजातलं गरीब कुटुंब. नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले.

तिथे त्यांनी मजुरांचे हाल जवळून पाहिले. कोकणातून, साताऱ्याकडून, पुण्याकडून पोट भरायला आलेली माणसं सूर्य उगवायला कामावर उभी राहायची आणि मावळल्यावर सुटायची. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे काम तेरा-चौदा तास. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सणाला किंवा यंत्रं साफ करायला गिरणी थांबली तर तेवढाच दम. पगार महिना उलटून गेला तरी हातात पडायचा नाही. यंत्रात हात सापडला तर माणूस घरी बसायचा आणि घर उपाशी.

नोकरी सोडली, वर्तमानपत्र हाती घेतलं

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. याच चळवळीतल्या कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र काढलं होतं. पैशाअभावी ते चालेना. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत आणलं आणि शेवटपर्यंत चालवलं.

त्या काळी शेतकऱ्याचं, मजुराचं दुखणं छापणारी पत्रं बोटावर मोजण्याइतकी होती. बहुतेक मजुरांना वाचता येत नव्हतं. पण चाळीत एखादा वाचणारा असला की बाकीचे ऐकायचे. गिरणीच्या भिंतीआड जे चाललं होतं, ते 'दीनबंधु'मुळे बाहेर आलं.

सप्टेंबर १८८४: साडेपाच हजार सह्या

गिरण्यांसाठी पहिला कायदा १८८१ साली आला होता, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता. त्यात सुधारणा हवी का, हे पाहायला मुंबई सरकारने १८८४ मध्ये एक आयोग नेमला. गिरणीमालकांचं म्हणणं ठरलेलं होतं: मजूर खूश आहेत, त्यांची काही तक्रार नाही.

लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात मजुरांच्या सभा बोलावल्या आणि एक अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अधू झाल्यास पोटापाण्याची सोय.

या अर्जावर साडेपाच हजार मजुरांनी सह्या केल्या. मालकाच्या नजरेत येण्याचा धोका होता, नोकरी जाण्याची भीती होती. तरीही माणसं पुढे आली. तक्रारच नाही, असं म्हणायला आता जागा उरली नाही.

याच काळात 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' उभी राहिली. तिला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लिहिलेले नियमही नव्हते. लोखंडे हेच तिचे अध्यक्ष आणि तेच तिचं कार्यालय. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती, पण देशातल्या कामगार चळवळीची सुरुवात म्हणून तिचंच नाव घेतलं जातं.

सरकारने मात्र अर्ज बाजूला ठेवला. वर्षांवर वर्षं गेली.

विलायतेतला दबाव आणि त्यामागचा स्वार्थ

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आसपासचे कापड गिरणीमालक हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कडक कायदा करा म्हणून तिथल्या सरकारच्या मागे लागले होते. मुंबईचा स्वस्त माल त्यांना नडत होता. म्हणजे मजुराचा कळवळा कमी आणि धंद्याची काळजी जास्त.

त्यामुळे इथली बहुतेक राष्ट्रवादी वर्तमानपत्रं अशा कायद्याच्या विरोधात होती. देशी धंदा बुडवायचा हा गोऱ्यांचा डाव आहे, असं त्यांचं मत. ती भीती अगदीच निराधार नव्हती. पण त्या वादात चौदा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला कुणी विचारत नव्हतं. लोखंड्यांची भूमिका सरळ होती. डाव कुणाचाही असो, सुट्टी मजुराला हवी आहे आणि ती तो स्वतः मागतो आहे.

मार्च १८९० मध्ये जर्मनीच्या बादशहाने बर्लिनला युरोपातल्या देशांची परिषद भरवली. आठवड्याची सुट्टी, बायका-मुलांचं काम हे तिथले विषय. ठराव कुणावर बंधनकारक नव्हते. पण इंग्लंडनेही त्यात भाग घेतला होता, म्हणून हिंदुस्थानातल्या कारखान्यांचा प्रश्न तिथे पुन्हा वर आला.

रेसकोर्सची सभा

पुढच्याच महिन्यात, २४ एप्रिल १८९० रोजी, महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले. दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती. सभेने सुट्टीची मागणी थेट गिरणीमालकांच्या संघटनेकडे पाठवली. १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली आणि रविवार मजुराचा झाला. रविवार हा खंडोबाचा वार, असाही मुद्दा लोखंड्यांनी मांडला होता, असं सांगितलं जातं.

त्याच वर्षी सरकारने नवा आयोग नेमला. त्यावर मुंबईपुरते सदस्य म्हणून खुद्द लोखंड्यांना घेण्यात आलं. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांसाठी ११ तासांची, मुलांसाठी ७ तासांची मर्यादा ठरली. पुरुष मजुरांचे तास मात्र मोकळेच राहिले. त्यांना त्यासाठी १९११ पर्यंत थांबावं लागलं.

शेवटही माणसांतच

विधवांचं केशवपन करणार नाही, असं ठरवणारी मुंबईतल्या नाभिकांची सभा त्यांनी घडवून आणली. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली, तेव्हा मजुरांमध्ये सलोखा राहावा म्हणून ते धडपडले. सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ज्याला जमेल तो शहर सोडून गावाकडे पळत होता. लोखंडे थांबले. गरिबांसाठी रुग्णालय उभं करून रोग्यांची सेवा करू लागले. त्यातच त्यांना प्लेगने गाठलं. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आतच होतं.

२००५ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. आजही वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात, हॉटेलात राबणाऱ्या अनेकांना हक्काची साप्ताहिक सुट्टी नाही. १८८४ च्या अर्जातली पहिली ओळ त्यांच्यापुरती अजून बाकी आहे.