आधी खराटा, मग कीर्तन : गाडगेबाबांनी गावाला स्वच्छतेची गोडी कशी लावली

अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. दारूपायी वडील लवकर गेले. माय लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाकडं डेबूनं गुरं राखली, नांगर धरला. सावकारी कर्जात मामाची जमीन गेली, तेही त्यानं पाहिलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गाव कशानं खंगतं हे घरातच कळलं.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, सोबत गाडगं अन् खराटा. लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात आले की बाबा कोणाला काही सांगत नसत. सरळ रस्ते, गटारं झाडायला लागत. हा कोण वेडा म्हणून लोक आधी पाहत, मग काही जण लाजून हात लावत. काम झाल्यावरच भाकर घ्यायची, अन् रात्री कीर्तन. तेही वऱ्हाडीत. बाबा प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. दारू, नवसाचं बोकड, कर्ज काढून लग्न, शिवाशिव, पोरांची शाळा हे सगळं त्यात यायचं. वरून आलेला हुकूम गाव ऐकून सोडून देतं. इथं मात्र सांगणारा आपल्यातला होता अन् सकाळी त्यानंच गटार उपसलेलं होतं.

गरज कुठं आहे हेही बाबांना बरोबर कळायचं. पूर्णाकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. खेड्यातला माणूस उपचाराला मुंबईला गेला तर नातेवाईकांनी राहायचं कुठं? म्हणून जे. जे. रुग्णालयाजवळही धर्मशाळा झाली. दवाखाना असून भागत नाही, तिथं टिकताही आलं पाहिजे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला येताना वलगावजवळ त्यांनी देह ठेवला.

२०००-०१ पासून राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. ज्या गावानं खराटा आपला मानला, तिथं ते रुजलं. जिथं फक्त तपासणी समितीसाठी झाडलोट झाली, तिथं समितीची गाडी वळताच उकिरडा जागेवर आला. बाबा तपासणीला येत नसत, झाडायला येत.