मलिक अंबर : गुलामगिरीतून वजिरीपर्यंत

आपल्या शहराने किती नावे पाहिली! खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. या नावांवरून कट्ट्यावर हमरीतुमरी होते. पण खडकी या खेड्याच्या जागी १६१० मध्ये ज्याने नगर वसवले, त्याच्याविषयी शाळेच्या पुस्तकात मला जेमतेम दोन ओळी सापडल्या. म्हणून हा लेखप्रपंच.

मलिक अंबर इथला नव्हताच. हबसाण, म्हणजे आजचा इथिओपिया, ही त्याची जन्मभूमी. १५४८ च्या सुमारास तो जन्मला आणि कोवळ्या वयातच गुलामांच्या बाजारात उभा राहिला. हातोहात विकला जात तो बगदादला पोहोचला. तिथे मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले व अंबर हे नाव दिले. आईबापांचे नाव मागे पडले, मालकाने दिलेले टिकले! पुढे त्याला विकत घेतले अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. नवल असे, की हा पेशवाही मूळचा हबशी गुलामच. गुलामाला कुठवर जाता येते, हे अंबरने धन्याच्या घरीच पाहिले असणार.

धनी वारल्यावर तो मोकळा झाला. काही काळ विजापूरकरांची चाकरी करून तो पुन्हा निजामशाहीत आला.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबी त्याच धामधुमीत मारली गेली. निजामशाही बुडाली असेच साऱ्यांना वाटले. अंबरने मात्र राजघराण्यातला मुर्तजा शोधून काढला, परांड्याला त्याला तख्तावर बसवले आणि आपली मुलगीही दिली. स्वतः तो कधी सुलतान झाला नाही. दुसऱ्याच्या नावाने पाव शतक त्याने राज्य चालवले. पुढे मुर्तजाशी बिनसले आणि मुर्तजा मेला. त्या विषप्रयोगाचा ठपका अंबरवरच ठेवला जातो. तेव्हा त्याला देवमाणूस करण्याचे कारण नाही.

त्याच्या लढायांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठे स्वारांना हाताशी धरून त्याने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. जहांगीर बादशहाने तर अंबरच्या शिरावर आपण बाण सोडतो आहोत असे चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शीर त्याच्या हाती कधी लागले नाही!

मला स्वतःला त्याची जमीनधाऱ्याची व्यवस्था अधिक मोलाची वाटते. आमच्या घरात सातबारा वाचता येणारा मी पहिलाच. म्हणून जमिनीची प्रत हे शब्द दिसले की माझी नजर तिथे अडते. तोडरमलाचा कित्ता समोर ठेवून अंबरने वसुलीचे मक्ते बंद केले, जमिनीचा कस पाहून सारा ठरवला. मक्तेदाराला पीक कसे आले याच्याशी कर्तव्य नसते, आपला आकडा भरून निघाला की झाले. तो मधला माणूस उठला, म्हणजे कुणब्याला केवढा श्वास मिळाला असेल!

आणि पाणी! उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालून, नुसत्या उताराच्या बळावर त्याने शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. गावी आईला डोक्यावरून पाणी आणताना पाहिलेल्या मुलाला हे भातवडीपेक्षा थोर वाटले, तर प्राध्यापक मंडळींनी रागावू नये. १६१६ मध्ये रोशनगावच्या पराभवानंतर मोगलांनी खडकी जाळली. अंबरने ती पुन्हा उभी केली.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना तो वारला. खुलताबादला त्याचा घुमट आहे. मुलगा फत्तेखान याने शहराला फत्तेनगर नाव दिले. आणि सातच वर्षांत, १६३३ मध्ये, दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली करून तो त्यांच्या आश्रयाला गेला.