रेव्हरंड टिळकांचे उघडे घर

भंडारा जिल्ह्याच्या झाडीपट्टीत सानगडीचा जुना किल्ला आहे. तेथून बरेच उत्तरेला, गोंदियावरून, नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग जातो. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात या मार्गाने निघाले. वयाची तिशी त्यांनी ओलांडली होती. संस्कृतचे ज्ञान होते, कवी म्हणून नाव होऊ लागले होते; स्थैर्य मात्र कोठेच लाभले नव्हते. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि धर्मचर्चेसाठी ‘ऋषि’ नावाचे मासिकही चालवून पाहिले. गाडीत त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्मावर आले आणि उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती वाचण्याचे कबूल केले. डोंगरावरील प्रवचनापाशी येईपर्यंत त्यांचे मन त्या पुस्तकात गुंतून गेले होते.

कोकणातील करजगावी १८६१ मध्ये टिळकांचा जन्म झाला. काव्याची ओढ त्यांना आईकडून मिळाली. त्या माऊलीचे छत्र लहानपणीच हरपले आणि मुलाने शिक्षणासाठी नाशिक गाठले. तेथे १८८० मध्ये त्यांचा विवाह जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. तिला अक्षरओळखही नव्हती. पुढे टिळकांनीच तिला वाचायला शिकवले. शिकवण्यात हौस होती, सातत्य मात्र नव्हते. मनात आले की घर सोडून निघून जाणे, हाती आलेले पैसे वाटेतच कोणा गरजूला देऊन टाकणे, हा त्यांचा स्वभाव होता. घरात मीठमिरचीची सोय लावण्याचे काम मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंकडे येई.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा जवळ नव्हत्या. बातमी त्यांना इतरांकडून कळली. त्या काळच्या नाशिकात या बातमीचा अर्थ काय होता, हे आज कल्पनेनेच जाणावे लागते. नवरा जिवंत आणि संसार बुडाला, अशी ती अवस्था होती. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातेवाइकांच्या आधाराने सुमारे पाच वर्षे काढली. टिळकांच्या चरित्रातील हे सर्वांत अवघड प्रकरण आहे, आणि त्यांच्या भक्तांनी ते घाईने ओलांडू नये. देवासाठी सर्वस्व सोडणारा माणूस त्या सर्वस्वात दुसऱ्याचेही काही सोडत असतो. टिळकांना हे कळत होते, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. त्यांनी दुसरा संसार मांडला नाही आणि पत्नीवर धर्माची सक्तीही केली नाही. पत्रे लिहिली, कविता लिहिल्या, भेटीसाठी येत राहिले, वाट पाहिली.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आल्या, त्या आपले सोवळे घेऊन. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी तेही चालू दिले. जात देवाने केलेली नसून माणसाने केली आहे, हा निर्णय त्या स्वतःच्या विचाराने घेऊन मोकळ्या झाल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसाला एरवी कशासाठीच धीर धरवत नसे, त्याने एवढ्या एका गोष्टीसाठी वर्षे दिली. त्यांच्या साऱ्या व्रतांत हे व्रत मोठे मानावे लागेल.

नगरच्या मुक्कामात टिळकांच्या दिवसाला कामे पुरून उरत. अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकवणे, गावोगाव प्रवचने, कीर्तने. १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाल्यावर मंडळीची जबाबदारी. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन. याखेरीज कविता चालूच होती. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘अभंगांजली’ ही नावे मराठी वाचकाला परिचित आहेत. पण त्यांची नित्याची उपासना पाहायची तर भजनांकडे वळावे लागते. परक्या चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळीला त्यांनी ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वळणाची पदे दिली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. आजही मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. प्रार्थनेसाठी वेगळा वेळ काढावा आणि मग कामाला लागावे, अशी विभागणी त्यांना जमली नसती. काम करता करता पद सुचे आणि ते पद हीच प्रार्थना होई.

घराचे दार कायम उघडे असे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने पोरकी झालेली मुले या घरात आली आणि राहिली. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची सेवा केली. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव मिळालेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे याच घरात मुलासारखे वावरले. टिळक त्यांच्या कवितेला दाद देत, लक्ष्मीबाई त्यांच्या लहरी सांभाळत. मुले कोण आणते आणि जेवू कोण घालते, हा भेद मात्र या घरात शेवटपर्यंत राहिला. टिळकांची उदारता लक्ष्मीबाईंच्या चुलीवर शिजत होती, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे सांगितले आहे; तेही हसत, पतीचा वेडेपणा आणि मोठेपणा एकाच वाक्यात मांडत. त्या हसण्यामागचे कष्ट वाचकाने विसरू नयेत.

वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर टिळकांनी पुन्हा एकदा मांडलेला डाव मोडला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि तिच्याबरोबरचे वेतन त्यांनी सोडले व साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सारेच तेथे एकत्र यावेत, अशी कल्पना होती. या वेळी लक्ष्मीबाई सोबत होत्या. १८९५ मध्ये इतरांकडून कळलेला निर्णय आणि १९१७ मधला हा निर्णय यांत बावीस वर्षांचे अंतर होते. नाते सांभाळायलाही शिकावे लागते, हे टिळक त्या वर्षांत शिकले होते.

दरबाराला काळ फार थोडा मिळाला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दफन न करता त्याचे दहन करण्यात आले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा १९०९ मध्ये आरंभलेला ‘ख्रिस्तायन’ हा ग्रंथ अपुराच होता; टिळकांच्या हातून आरंभीचे काही अध्याय तेवढे झाले होते. ज्या बाईला टिळकांनी अक्षरे गिरवायला शिकवली होती, तिने पुढे त्यात चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचेही निधन झाले, तेव्हा शेवटचा भाग राहिला होता. तो दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी पुरा केला.